पुण्यभूमीची पावती मागणारे तुम्ही कोण?

या देशात ख्रिस्ती माणसाला जन्मभर एक परीक्षा द्यावी लागते आणि तिचा निकाल कधीच लागत नाही. तो कर भरतो, गणपतीची वर्गणी देतो, शेजाऱ्याच्या लग्नात अक्षता टाकतो, मुलाला फौजेत धाडतो. पण नाताळच्या आठवड्यात चार पोरे गिटार घेऊन गल्लीतून गात निघाली की कोणीतरी आडवा येतो: कोणाला बाटवायला निघालात? एका खोलीत दहा माणसे प्रार्थनेला बसली की दाराशी पोलिसांची गाडी उभी. आणि या सगळ्यावर शहाण्यासुरत्यांची मल्लीनाथी अशी, की बिचाऱ्यांचा दोष नाही, पण त्यांचे अंग इथे आणि मन रोमला असते. आम्हाला ही मल्लीनाथी दांडक्यापेक्षा घातक वाटते. दांडके एकाच्या पाठीवर पडते. ही मल्लीनाथी मात्र दांडके उगारणाऱ्याला आपण देशकार्य करीत आहोत असे समाधान मिळवून देते.

आज आम्ही दोघांचाही समाचार घेणार आहोत. निष्ठेचे दाखले मागणाऱ्यांचा आणि अनुयायांच्या निष्ठेचे गठ्ठे बांधून बाजारात उभ्या राहणाऱ्या बिशपांचाही. आधी मागणाऱ्यांचा, कारण काठी त्यांच्या हातात आहे.

या दाखल्याचा नमुना जुना आहे. १९२३ साली 'ए मराठा' या टोपणनावाने सावरकरांनी हिंदुत्वाची व्याख्या छापली आणि तिच्यात ही भूमी पितृभूही हवी आणि पुण्यभूही हवी, अशी जोडकसोटी घातली. वसईच्या कुपारी शेतकऱ्याचे बापजादे याच मातीत गेले, म्हणजे पहिल्या कसोटीला तो उतरला. दुसरीत नापास, कारण त्याचे बेथलेहेम समुद्रापलीकडे. आता हीच कसोटी जगाच्या नकाशावर ठेवून पाहा. पोलंडच्या कॅथलिकाची पुण्यभू पोलंडात नाही. आयर्लंडच्या, फिलिपाइन्सच्या, इथिओपियाच्या ख्रिस्ती माणसाची पुण्यभू त्याच्या देशात नाही. जपानी बौद्धाची तर आपल्या बिहारात आहे, बोधगयेला, आणि तेवढ्यावरून टोकियोत कोणी त्याला भारताचा हस्तक ठरवीत नाही. ही कसोटी मानली तर निम्मे जग फितूर ठरते! तरीही १९६६ साली गोळवलकरांच्या 'बंच ऑफ थॉट्स'मध्ये देशांतर्गत धोक्यांची यादी आली आणि तीत मुसलमान व कम्युनिस्टांच्या जोडीला ख्रिस्ती माणसाचे नाव घालण्यात आले. ते नाव अजून खोडलेले नाही.

पुण्यभू एक असली की निष्ठा आपोआप एक होते, असे ज्यांना वाटते त्यांनी कीव्ह आणि मॉस्कोकडे पाहावे. दोन्हीकडे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. दोन्ही आपली धार्मिक वंशावळ ९८८ सालच्या एकाच राजाच्या बाप्तिस्म्यापर्यंत नेतात. त्याच बाप्तिस्म्याचा हवाला देऊन मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल युक्रेनला 'रशियन जगा'त ओढतात. २०२० मध्ये मॉस्कोजवळ कुबिन्का येथे रशियन सैन्याचे खास कॅथीड्रल उभे राहिले, रंगसुद्धा लष्करी हिरवा. सप्टेंबर २०२२ मध्ये याच किरिल यांनी प्रवचनातून सांगितले, की कर्तव्य बजावताना मेलेल्या सैनिकाची पापे धुऊन निघतात. ठरवून दिलेल्या प्रार्थनेत 'विजय' या शब्दाच्या जागी 'शांती' म्हणणाऱ्या मॉस्कोच्या एका पाद्र्याचे पौरोहित्य २०२३ मध्ये काढून घेण्यात आले. क्रूस तोच, धर्मपिता तोच, आणि खंदकात मात्र समोरासमोर. धर्म आणि राष्ट्र यांची एकच मोट बांधण्याची ज्यांना हौस आहे त्यांनी एकदा कुबिन्काची यात्रा करून यावी. त्यांचे स्वप्न तिथे बांधून तयार आहे.

आता उलटी बाजू, आणि ती आम्ही झाकणार नाही. ख्रिस्ती धर्माने या भूमीत परक्या सिंहासनाची निष्ठा पेरलीच नाही असे म्हणणारा एक तर अडाणी असला पाहिजे किंवा लबाड. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकले. १६८४ च्या फर्मानाने कोंकणीवर बंदी घालून माणसांच्या तोंडी पोर्तुगीज घालण्याचा उद्योग झाला. सालाझारच्या राजवटीने तर उरलीसुरली लाज कोळून प्यायली. १९३० च्या वसाहत कायद्यात समुद्रापारच्या कॅथलिक मिशनांना सरळसरळ राष्ट्रीय प्रभावाचे साधन म्हणून टाकले! येशूचे नाव सरकारी दप्तरात अवजारांच्या यादीत चढले आणि लाल झगा घातलेल्या महनीयांपैकी कोणाला तो ईश्वरनिंदेचा प्रकार वाटला नाही.

मुंबईची कथा आणखी मासलेवाईक. साष्टी, वसई आणि मुंबई बेटांवरचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक 'पोर्तुगीज ख्रिश्चन' म्हणून ओळखले जात. गोव्याहून पोटापाण्यासाठी येणाऱ्या कॅथलिकांची गर्दी वाढली, नोकऱ्यांत स्पर्धा लागली. तेव्हा इंग्रज सरकारपुढे आपले वेगळेपण ठसवण्यासाठी त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, संस्था काढून 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीची जुनी प्रजा, हे सांगण्यासाठी. भूमिपुत्रांनी व्यापारी कंपनीचे नाव अंगाला लावून घेतले! (त्यांना हसण्याआधी त्याच महोत्सवात राणीला मानपत्रे वाचणाऱ्या आपापल्या ज्ञातीतल्या रावबहादुरांची आठवण वाचकांनी ठेवावी.) त्यांच्या डोक्यावर बसणाऱ्या धर्मगुरूची व्यवस्था तर त्याहून अजब. १९२८ च्या करारान्वये मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असायचा. लिमा नावाचे पोर्तुगीज जेसुइट झाले, त्यांच्यामागून १९३७ मध्ये रॉबर्ट्स नावाचे इंग्रज जेसुइट आले. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ मिस्सा ऐकणाऱ्या या किनाऱ्यावर त्या खुर्चीच्या लायकीचा एकही देशी माणूस रोमला दिसला नाही. शेवटी १९५० साली, देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे उलटल्यावर, व्हॅटिकनने लिस्बनशी नवा करार केला आणि व्हॅलेरियन ग्रेशस त्या जागी बसले. यात रॉबर्ट्स यांना मात्र दाद दिली पाहिजे. १९४६ मध्येच ग्रेशस यांच्या हाती कारभार सोपवून ते स्वतःहून बाजूला झाले होते. गोऱ्या साहेबाला जे कळले ते रोमला कळायला आणखी चार वर्षे लागली.

तेव्हा राजनिष्ठा घडवली गेली, यात शंका नाही. पण ती घडवली लिस्बन, लंडन आणि रोम यांच्या तहनाम्यांनी. सत्तेला वेदी भाड्याने हवी होती आणि वेदीच्या मालकांनी ती दिली. बाकावर बसून गुडघे टेकणाऱ्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

आणि त्याच बाकांवरून वेगळी माणसेही उठली. १७८७ साली गोव्यात जो कट उघडकीला आला, ज्याला कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून पिंटोंचे बंड म्हणतात, त्यात गोमंतकीय पाद्री आघाडीवर होते. गोऱ्या पाद्र्यांच्या पंगतीत आपल्याला कायम खालचे पान, हा त्यांचा सल होता. कॅथलिक राणीविरुद्ध कॅथलिक पाद्र्यांचे बंड! पंधरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली, पाद्र्यांना लिस्बनच्या तुरुंगात डांबले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकांत शोधून पाहावी.

किंवा जोसेफ बाप्टिस्टा घ्या, मुंबईकरांचे काका. ज्या समाजाने कंपनीचे नाव लावून घेतले त्याच ईस्ट इंडियन समाजातला हा बॅरिस्टर. १९१६ साली बेळगावात लोकमान्यांची होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपद टिळकांनी स्वतःकडे ठेवले नाही. चिटणीस न. चिं. केळकर आणि अध्यक्ष काका बाप्टिस्टा. काकांची पुण्यभू कुठे आहे, याची पावती लोकमान्यांनी मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. गणेशोत्सवाच्या मांडवात लोकमान्यांची तसबीर लावून शेजारच्या डिसोझाकडे संशयाने पाहणाऱ्यांनी ही एवढी एक तारीख पाठ करावी.

गोव्यातले त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य हे जन्माने कॅथलिक. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी काढली. गोमंतकीय माणसाला त्याच्या राष्ट्रापासून कसे तोडले गेले, यावर १९४४ साली त्यांनी जी पुस्तिका लिहिली तिच्याइतकी पोर्तुगीजांची चामडी सोलणारी पुस्तिका हिंदुत्वाच्या एकाही भाष्यकाराच्या नावावर नाही. १९४६ मध्ये त्यांना पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात नेऊन टाकले. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हा शेजारी होते असोळण्याचे डॉ. ज्युलियांव मिनेझिस. लोहिया गोव्यात आले होते ते या ख्रिस्ती मित्राचे पाहुणे म्हणून. आणि १९५५ पासून १९६१ पर्यंत सह्याद्रीच्या रानात लपून गोवामुक्तीचे गुप्त रेडिओ केंद्र चालवणारी जोडी कोण? लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई. एक ख्रिस्ती, एक हिंदू, दोघांची लढाई एकच. पुढे दोघांनी लग्नही केले. आजचे धर्मरक्षक तेव्हा असते तर त्यांनी रेडिओ बाजूला ठेवून आधी लग्नाची चौकशी लावली असती!

महाराष्ट्राने मात्र स्वतःच्या अंगणात काय केले? पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८९३ मध्ये त्यांच्या शारदासदनातल्या मुली ख्रिस्ती होतात म्हणून 'केसरी'ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांना विचारण्याचा हक्क होता, तो आम्ही नाकारत नाही. पण ख्रिस्ती झाली म्हणजे इंग्रजांची झाली, हा जो निकाल पुण्याने दिला तो खोटा होता आणि तो खोटा असल्याचा पुरावा रमाबाईंनी आयुष्यभर दिला. वाँटेजच्या मठातल्या इंग्रज सिस्टरांशी त्यांची पत्रापत्री वाचावी. एका पुरोहितवर्गाचे जोखड आत्ताच झुगारून आले, लगेच दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी बजावले. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, माझे संस्कृत काय कमी पवित्र आहे, हा सवाल त्यांनी केला. एका बिशपाने आक्षेप घेतला म्हणून पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा मुद्दा त्यांनी सोडला नाही. चर्चच्या मातब्बरांना त्यांनी कारणे विचारली.

आणि १८९७. पुण्यात प्लेग, प्लेग-अधिकारी रँडची दहशत, घराघरांत सोजिरांचे बूट. आपल्या आश्रमातल्या एका मुलीचे प्लेगच्या इस्पितळात काय झाले ते सांगत या ख्रिस्ती बाईने 'बॉम्बे गार्डियन'मध्ये सरकारविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. ख्रिस्ती सरकार, ख्रिस्ती वृत्तपत्र, आणि आरोप करणारी ख्रिस्ती. ज्या शहराने तिला परकी म्हणून वाळीत टाकले, त्या शहराच्या लेकीबाळींची अब्रू तिने वेशीवर टांगली जाऊ दिली नाही. तिच्या निष्ठेचा दाखला आता कोणाकडून आणायचा?

नारायण वामन टिळकांचेही तेच. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढची बावीस वर्षे गोऱ्या मिशनऱ्यांच्या पगारात राहून त्यांच्याशीच भांडले. १९१७ मध्ये तो पगारही सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. तुकोबांचे बोट धरून येशूकडे गेलेला हा चित्पावन मिशनच्या हिशेबात बसला नाही आणि सदाशिव पेठेच्याही बसला नाही.

मराठी वृत्तपत्रांच्या डोळ्यांतले मुसळही इथेच काढून टाकू. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. विरोधात १,७२,१९१ मते, बाजूने १,३८,१७०. तेव्हापासून आजपर्यंत इथल्या बैठकांत ऐकू येते, की पाद्र्यांनी प्रवचनातून मते फिरवली. गोव्यात ख्रिस्ती मतदार बहुसंख्य नव्हते. हजारो हिंदूंनी विरोधात मत दिल्यावाचून ३४ हजारांचे मताधिक्य येत नाही, हे तिसरीतल्या पोराला कळते. त्यांना स्वतःची विधानसभा हवी होती, स्वतःची भाषा हवी होती. भारतात राहून मुंबईचे ऐकायचे नाही, हा देशद्रोह कधीपासून झाला? आम्हा मराठी संपादकांचा अहंकार दुखावला आणि त्याचे खापर आम्ही मिस्साच्या घंटेवर फोडले.

'नागालँड फॉर ख्राइस्ट' ही नागा बंडखोरांची घोषणा आता आमच्यापुढे नाचवली जाईल. जरूर नाचवा. ती घोषणा आम्हाला मान्य नाही. ख्रिस्तासाठी नागालँड आणि हिंदूंसाठी हिंदुस्थान ही जुळी भावंडे आहेत, एकाला कवटाळून दुसऱ्याला झिडकारता येणार नाही. पण तिथला इतिहास अर्धाच सांगू नका. १९६४ मध्ये नागा बाप्टिस्ट चर्चच्या पुढाकारानेच शांतिमंडळ बनले, त्यात जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री चालिहा आणि मायकेल स्कॉट हे इंग्रज पाद्री होते, आणि त्याच सप्टेंबरात बंदुका थांबल्या. दिल्लीला जे साधत नव्हते ते चर्चच्या माणसांनी साधले.

निष्ठा म्हणजे काय, हे या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एकदा तीन शाळकरी भावंडांनी शिकवले. केरळातली ही मुले यहोवाचे साक्षीदार या पंथाची. शाळेत राष्ट्रगीत सुरू झाले की ती सर्वांबरोबर ताठ उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे स्तुतिगान फक्त देवाचे. एका आमदाराने विधानसभेत आवाज उठवला. चौकशी झाली, मुले कायदा पाळणारी आहेत असा अहवाल आला, तरी १९८५ च्या जुलैमध्ये त्यांना शाळेतून काढले. उच्च न्यायालयाने हात वर केले. ऑगस्ट १९८६ मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांनी 'बिजो इमॅन्युएल' खटल्यात मुलांना परत शाळेत घ्यायला लावले. राष्ट्रगीताचा मान राखून उभे राहणे पुरेसे आहे, प्रत्येकाने ते गायलेच पाहिजे असा कायदा नाही, असा निवाडा दिला. चाळीस वर्षे झाली. आजच्या एखाद्या वाहिनीवर ती तीन मुले उभी केली असती तर रात्री नऊ ते दहा या वेळात त्यांचे काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि कोण तपासतो इतरांच्या निष्ठा? ज्या राज्यकर्त्यांची स्वतःची निष्ठा एका रात्रीत सुरत गाठते आणि सकाळी गुवाहाटीच्या विमानात बसते, ते! ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मांतरावर कायदा केला आणि त्याला नाव दिले धर्मस्वातंत्र्याचे. त्यानंतर त्याच धर्तीचे कायदे राज्याराज्यांत झाले. देव बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्याला कळवा. पक्ष बदलायला मात्र कलेक्टर कचेरीत जावे लागत नाही. जबरदस्तीने कोणी कोणाचा धर्म बदलीत असेल तर त्याला तुरुंगात टाका, आम्ही टाळ्या वाजवू. पण प्रौढ स्त्री-पुरुषाने कोणापुढे गुडघे टेकावेत याची नोंदवही कलेक्टरने ठेवायची, हे कोणत्या स्वातंत्र्यात बसते?

आता १९४९ आणि १९५० ही दोन वर्षे शेजारी ठेवा. इंग्रजांनी ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. घटना समितीत बंगालचे ख्रिस्ती नेते एच. सी. मुखर्जी उपाध्यक्ष होते, अल्पसंख्याकांच्या समितीची धुरा त्यांच्याकडे होती. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधी त्याच्या बाजूने उभे राहिले. आम्हाला वेगळे ताट नको, असे म्हणणारा हा समाज. त्याला बक्षीस काय मिळाले? १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश, परिच्छेद तीन: हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये शिखांना या बंदीतून वगळले, १९९० मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून दाराबाहेर. मद्रासच्या सूसाई नावाच्या चांभाराची कागदपत्रे वाचा. रस्त्याच्या कडेला चपला शिवणारा हा आदि-द्रविड ख्रिस्ती. सरकारने त्याच्या शेजारच्या हिंदू चांभारांना टपऱ्या दिल्या, याला दिली नाही. तीच रापी, तोच रस्ता, तीच जात, फक्त प्रार्थना वेगळी. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला परत पाठवले. धर्मांतराने त्याची जात गेली असे ज्यांनी ठरवले, त्यांनी त्याच्या हातचे पाणी प्यायल्याचे आम्हाला दाखवावे!

इथे एक जण बाबासाहेबांना साक्षीला आणील, आणि ती साक्ष आम्ही टाळणार नाही. १९३६ च्या सुमारास बाबासाहेबांनी म्हटले होते, की अस्पृश्य मुसलमान वा ख्रिस्ती झाले तर ते राष्ट्रापासून तुटतील आणि ख्रिस्ती संख्या वाढली तर इंग्रजांची पकड घट्ट होईल. होय, म्हटले होते. इंग्रज तेव्हा राज्य करीत होता. तो १९४७ मध्ये गेला. त्या युक्तिवादाचा पायाच उरला नाही, तरी त्याच्यावर इमले चढवणे चालू आहे. आणि बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला विचारलेला दुसरा प्रश्न मात्र हे साक्षीदार सोईस्करपणे गाळतात. ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध का लढत नाही, हा.

तो प्रश्न बिशपांनो, तुम्हाला आहे. दलित ख्रिस्ती माणसाला सवलती द्या म्हणून तुम्ही दिल्लीत मोर्चे काढता, ते योग्यच आहे. पण तमिळनाडूतल्या तुमच्या दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत कोणी घातली? गोव्यातल्या चर्चच्या कोंफ्रारियांत, म्हणजे धर्मबंधुमंडळांत, बामण आणि चार्डो ही वर्गवारी पोर्तुगीज गेल्यावरही कोणी जपली? २०१६ च्या डिसेंबरात तुमच्याच बिशप परिषदेने चर्चमध्ये अस्पृश्यता आहे असे धोरणपत्रात कबूल केले. भारताला पहिला कार्डिनल १९५३ मध्ये मिळाला. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, २०२२ मध्ये. मधली ६९ वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची?

आणि निष्ठेचा लिलाव? मार्च २०२३ मध्ये तलश्शेरीचे आर्चबिशप पाम्प्लानी यांनी भर सभेत सांगितले, की केंद्राने रबराला किलोमागे ३०० रुपये भाव दिला तर केरळातून त्यांचा खासदार निवडून देऊ. शेतकऱ्याला भाव मिळावा, यात वाद नाही. पण मते शेतकऱ्याची आणि बोली लावणार आर्चबिशप? १९५९ मध्ये याच केरळात चर्चने रस्त्यावर उतरून नंबुद्रीपादांचे निवडून आलेले सरकार घालवायला हातभार लावला. सोयीचे सरकार आले की हस्तांदोलन, गैरसोयीचे आले की लोकशाही धोक्यात. शाळांच्या मान्यता आणि परदेशी देणग्यांची परवानगी शाबूत राहावी म्हणून नाताळच्या मेजवानीला सत्ताधाऱ्यांना बोलावून केक भरवणाऱ्यांना आम्ही विचारतो: तुमच्याच पंथातला एक म्हातारा तळोजाच्या तुरुंगात होता तेव्हा तो केक कोणाच्या घशाखाली उतरला? फादर स्टॅन स्वामी, जेसुइट, आदिवासींमध्ये हयात घालवलेले. ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीहून उचलले. कंपवाताने हात थरथरत म्हणून पाणी प्यायला नळीचा पेला मागावा लागला, तोही न्यायालयाकडे. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या इस्पितळात, जामिनाची वाट पाहत, वयाच्या ८४ व्या वर्षी ते गेले. खटला उभाच राहिला नाही. जेसुइट सहकाऱ्यांनी आवाज उठवला, हे खरे. पण रबराच्या भावासाठी जो खणखणीत आवाज निघाला, तो या म्हाताऱ्यासाठी किती व्यासपीठांवरून निघाला?

वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी दोन्ही आघाड्यांवर किंमत मोजली. वसईची हिरवाई बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून त्यांनी हरित वसईचे आंदोलन चालवले, तेव्हा गुंडांना त्यांच्या झग्याची भीती वाटली नाही. अख्खे बायबल त्यांनी मराठीत आणले, साहित्य अकादमीने पुरस्कार दिला. आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी त्यांचे नाव जाहीर होताच धमक्या सुरू झाल्या: मराठीचा अध्यक्ष पाद्री कसा? मराठीतले क्रिस्तपुराण छापले गेले १६१६ मध्ये. चारशे वर्षे मराठीत देव आळवणाऱ्यांना मराठीच्या मांडवात शिरताना ओळखपत्र मागितले गेले आणि आपण साहित्यिक म्हणवणारे बरेच जण तेव्हा चष्म्याच्या काचा पुसत बसलो होतो.

कामाचे बोला, असे कोणी म्हणेल, तर काम अगदी छोटे आहे. १९५६ आणि १९९० मध्ये संसदेने १९५० च्या आदेशाच्या परिच्छेद तीनमध्ये शब्द घातले तसे आता तो परिच्छेद काढून टाकायचा. एका पानाचे विधेयक पुरते. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हीच शिफारस केली होती, ती धूळ खात पडली. २०२२ मध्ये त्याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग बसवला. आयोगांवर आयोग बसवण्यापेक्षा ते पान सभागृहात ठेवा. कोणता पक्ष ते ठेवतो, मतदानाच्या दिवशी कोणाला अचानक ताप येतो, आणि त्याआधीच्या रविवारी कोणता बिशप हातात पहार घेऊन आपल्या दफनभूमीतल्या भिंतीकडे निघतो, याची नावनिशीवार नोंद आम्ही याच जागेत छापू.